थोरल्या वीराचा केस

शेवट आधी सांगून टाकते, म्हणजे मधलं निवांत ऐकता येईल. ऊर्वी जिवंत आहे. काल तिनं गुळांब्याची पोळी सोफ्यावर बसून खाल्ली, निम्मा गुळांबा सोफ्याला चारला, आणि वर मलाच विचारलं की सोफा एवढा चिकट का झालाय.

पणजी, ही गोष्ट मी तुला सांगते आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू गेलीस तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी हेमांगी, तुझा नातू रंगनाथ थेटे याची एकुलती एक मुलगी. ऊर्वी माझी मुलगी, तुझी खापरपणती.

गोष्ट एकच आहे, पण तीनदा सांगावी लागेल. एकदा आप्पा, म्हणजे माझे वडील, सांगतात तशी. एकदा यंत्रानं सांगितली तशी. आणि तिसरी, जी फक्त तुला माहीत होती. ती मी जुळवली आहे. कुठे चुकलं तर सांभाळून घे.

आप्पांची गोष्ट

आपल्या घरच्या देव्हाऱ्यात तीन टाक आहेत. तुला सांगायला नको, पण आजूबाजूला कुणी ऐकत असेल तर: टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली लहानशी मूर्ती, मागे तांब्याचा पत्रा, मध्ये लाख भरलेली. घरातला तरुण माणूस अवेळी गेला की त्याचा टाक करून देवात ठेवतात. त्याला वीर म्हणतात.

आप्पा सांगायचे, आपला थोरला वीर लढाईत पडला. कोणत्या लढाईत, ते कधी सांगितलं नाही. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, मोठ्या. तो एकटा पडला म्हणून दर पिढीत सोबतीला एक मुलगा बोलावून घेतो. धुळवडीला गावातली सगळी घरं आपापले वीर वाजतगाजत गोदावरीवर नेतात. आपल्या घरातला एक मुलगा टाक हातात घेऊन पाण्यात उतरायचा आणि डुबकी मारायचा. तुझा मोठा मुलगा नामदेव असाच उतरला आणि वर आला नाही. पाणी कमरेएवढं होतं, आणि तो पट्टीचा पोहणारा. पुढे आप्पांचा धाकटा भाऊ सुभाष. तोच घाट, तोच दिवस, तेवढंच पाणी. त्याच्या आदल्या वर्षी आप्पा स्वतः उतरले होते आणि धडधाकट परत आले होते. ते म्हणायचे, वीरानं मला नापास केलं. आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत.

सुभाषकाकानंतर आप्पांनी डुबकी बंद केली. वीर घाटापर्यंत जायचा, पायरीवरच तांब्यानं अंघोळ, आणि परत.

या गोष्टीला दोन कलमं होती. वीर नेतो तो मुलगाच नेतो. आणि थेट्यांचं कुळ तो ओलांडत नाही. म्हणून मी लग्न करून शिरोळ्यांच्या घरी पुण्याला निघाले तेव्हा सगळे रडत होते, आणि आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तू सुटलीस, पोरी."

शिट्टी

ऊर्वी सोसायटीच्या तलावात पोहायला जायची. स्पर्धेच्या दिवशी शिट्टी वाजली, सहा मुलींनी सूर मारले, आणि पाच पुढे गेल्या. मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते. मला वाटलं, चष्मा निसटला असेल.

प्रशिक्षक बाईंनी कपड्यांसकट उडी मारली. भिंतीवर लाल खोका होता, हृदयाला झटका देणारा. असला खोका आता शाळेत, बसस्थानकात, मंगल कार्यालयात सगळीकडे असतो. त्याच्याकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. त्यानं दुसऱ्या झटक्याला माझी मुलगी परत दिली. त्या बाईंचं नाव रोहिणी दुधाणे. तुला सांगून ठेवते, कारण नावं विसरायची आपल्या घराला सवय आहे.

दाराची गोष्ट

डॉक्टर मुजावर म्हणून एक बाई आहेत, वंशातून येणारे आजार बघतात. त्यांनी मला समजावलं ते तुला सांगते.

हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक लहर असते. लहर येऊन गेली की हृदयाच्या पेशींना पुढच्या ठोक्यासाठी सावरावं लागतं. त्यासाठी त्यांना बारीक बारीक दारं असतात. दार उघडतं, आतले क्षार बाहेर पडतात, पेशी सावरते. एकेक दार चार फळ्यांचं. फळी कशी घडवायची याचा नमुना प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतो, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एका प्रतीत एखादं अक्षर चुकलेलं असेल तर तिच्यावरून घडलेल्या फळ्या वाकड्या निघतात. चारांत एक वाकडी असली तरी दार अडतं. म्हणून दुसरी प्रत चांगली असूनही भागत नाही.

असं माणूस एरवी ठणठणीत असतं. शेत करतं, भांडतं, म्हातारं होतं. पण अंगावर गार पाणी आलं आणि त्याच क्षणी हृदयाला पळावं लागलं, तर सावरायच्या आत पुढचा ठोका येऊन आदळतो. लय मोडते. कमरेएवढ्या पाण्यातसुद्धा.

आणि हे पुढे कसं जातं? आई असो वा बाप, मूल होताना दोनांतली एकच प्रत पुढे देतात. कोणती, ते कुणी ठरवत नाही. नाणं उडवावं तसं. मुलगा की मुलगी हे ते नाणं बघत नाही, आणि आडनाव तर त्याला ठाऊकच नसतं.

यावर आता उपाय आहे. शिरेतून एक औषध देतात. ते हृदयात जाऊन फक्त चुकीच्या प्रतीचं तोंड बंद करतं, मग सगळ्या फळ्या चांगल्या प्रतीवरून घडतात. एकदाच द्यायचं, जन्माचं काम. पण कोणती प्रत बंद करायची ते पक्कं ठाऊक हवं. चुकून निर्दोष प्रत बंद केली तर मूळ आजार तसाच राहील आणि वर एक नवा जडेल.

आणि ऊर्वीच्या रक्तात संशयित दोन निघाले. दोन वेगळ्या नमुन्यांत दोन चुकलेली अक्षरं. एक माझ्याकडून आलेलं, एक तिच्या वडिलांकडून, कौस्तुभकडून. जगात कुठेच आधी न दिसलेली. दोघांतला एक गुन्हेगार, दुसरा उगाच पकडलेला.

नेहमीच्या गोळ्यांनी धोका निम्म्यावर आला असता, पण ऊर्वीला दमा आहे, त्या गोळ्या तिला चालत नाहीत. उरलं ते छातीत यंत्र बसवणं. वाढत्या मुलीच्या हृदयात तारा घालायच्या, आणि ती वाढली की काढून पुन्हा घालायच्या.

आता दोन्ही घरांची मजा ऐक. सासूबाई म्हणाल्या, शिरोळ्यांकडे सगळे नव्वदी बघून गेले, कुणाला साधं पडसं नाही. आप्पा फोनवर म्हणाले, आमच्याकडचं असणं शक्यच नाही, एक तर ती मुलगी आणि त्यातून शिरोळ्यांची. दोन्ही बाजू आपापलं रक्त धुऊन वाळत घालत होत्या, आणि मध्ये ऊर्वी बोटाला चिमटा लावून बसली होती, पडद्यावर स्वतःचे ठोके बघत.

सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. माझं अक्षर आप्पांकडून आलेलं निघालं. आत्याकडे, आप्पांच्या थोरल्या बहिणीकडे, ते नव्हतं. कौस्तुभचं त्याच्या आईकडून आलेलं. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, अडचण अशी की हे सगळे जिवंत आहेत. अक्षर घेऊन फिरणारा माणूस सत्तरीत जिना चढतो, हा त्या अक्षराच्या बाजूचा पुरावा झाला. मला मेलेली माणसं हवीत.

मी म्हटलं, आमच्यात जाळतात.

आणि घरी येताना रिक्षात मला लाख आठवली.

टाक फोडायचा की नाही

आपल्या घरची रीत तूच पाडलेली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. चितेवर ठेवण्याआधी वीराच्या केसांची बट कापून घ्यायची आणि सोनाराकडून चांदीखाली लाखेत बसवून घ्यायची. गावात दुसऱ्या कुणाच्या टाकात केस नाहीत.

पूर्वी केस नुसता असून उपयोग नसे, मूळ लागायचं. केसाच्या दांड्यात वंशाचा मजकूर असतो, पण चुरा होऊन. आता असं यंत्र आलंय की तो चुरा गोळा करतं आणि कपट्याला कपटा जुळवून पुस्तक उभं करतं. पोलीस वापरतात, इतिहासवाले वापरतात. लोक त्याला केसवाचक म्हणतात. डॉक्टर मुजावरांनी विचारलं, केस कशात आहे? लाखेत, म्हटल्यावर त्या खुर्चीत सरळ बसल्या. लाखेत पाणी शिरत नाही, बुरशी शिरत नाही.

मी गावी गेले. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले की टाक म्हणजे डबा नव्हे, झाकण काढून आत बघायला. वीराला घरातून उठवून पत्रा तापवायचा, लाख वितळवायची, केस यंत्रात घालायचे, हे माझ्या हातून व्हायचं नाही. मी म्हटलं, नातीसाठी. ते म्हणाले, तिच्यासाठीच, त्याचा कोप झाला तर? ते आडमुठेपणा करत नव्हते, पणजी. घाबरले होते. नदीनं त्यांच्या हातातून एक भाऊ नेला होता, आणि नातीला वाचवायला आता वीरालाच दुखवा असं मी सांगत होते.

आत्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसली होती. सगळं ऐकत होती, मध्ये पडली नव्हती. ती उठली, हात धुतले, देव्हाऱ्यातून तिन्ही टाक काढून पदरात घेतले.

"रंगा," ती म्हणाली, "सुभाष तुझा भाऊ होता, तसा माझाही होता. मी त्याला कडेवर वाढवलाय. तो इथं असता ना, तर ऊर्वीसाठी केस नाही, डोकं काढून दिलं असतं त्यानं."



"आणि कोप व्हायचा असेल तर माझ्यावर होऊ दे," आत्या म्हणाली. "मला कुठं पोहता येतंय."

आप्पांना हसू आलं, आणि ते लपवायला ते गोठ्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली तेव्हा ते आधीच पुढच्या सीटवर बसले होते, नवं धोतर नेसून, मांडीवर टाकांचं गाठोडं.

पुण्यात विसपुते सोनारांनी प्रयोगशाळेतच बसून टाक शेकले. लाख मऊ झाली, मागचा पत्रा सुटला. सुभाषकाकाची बट कालच कापल्यासारखी. नामदेवाची तांबूस. थोरल्या वीराच्या टाकात मात्र काहीतरी वेगळं होतं. आखूड केसांची एक झुपकी, आणि तिला मधोमध गुंडाळून गाठ मारलेला एक केस. लांब. खूप लांब.

आप्पा म्हणाले, धागा असेल. विसपुत्यांनी तो भिंगाखाली धरला. धागा नव्हता.

यंत्राची गोष्ट

सुभाष: माझं अक्षर आहे. नामदेव: आहे. थोरला वीर: आहे.

कौस्तुभचं अक्षर तिघांतही नाही.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. गुन्हेगार सापडला होता, तो आपल्याच घरचा होता, आणि मी आयुष्यात इतक्या आनंदानं कधी दोषी ठरले नव्हते. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते," आणि मग माझे दोन्ही हात धरून रडायला लागल्या.

पण डॉक्टर मुजावरांनी आप्पांना थांबवून घेतलं. म्हणाल्या, काका, अजून एक निघालंय, ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आप्पा म्हणाले, एवढे टाक उघडलेत, आता काय राहिलं.

मग त्यांनी सांगितलं. वडिलांकडून मुलग्याला, त्याच्याकडून त्याच्या मुलग्याला अशी एक खूण उतरत जाते. ती बाप बदलल्याशिवाय बदलत नाही. सुभाष, नामदेव आणि आप्पा तिघांची ती खूण एक. ती थेट्यांची. थोरल्या वीराची वेगळी. तो थेटे नव्हता.

दुसरी खूण आईकडून येते, मुलगा असो की मुलगी. थोरला वीर, तो लांब केस आणि नामदेव, तिघांची ती खूण एक. उरलेला मजकूर पडताळला तेव्हा नातं पक्कं झालं. तो लांब केस नामदेवाच्या आईचा. आणि थोरल्या वीराच्या सख्ख्या बहिणीचा.

म्हणजे तुझा, पणजी.

आणि ते अक्षर तुझ्यातही होतं.

आप्पा हळूच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही मामाला नाचवत होतो."

तुझ्या नामदेवाचा मामा, आणि तुझ्या धाकट्याचा, म्हणजे माझ्या आजोबांचा मामा. ज्याच्या मांडीवर बसवून त्यांचं जावळ काढायला हवं होतं, तो मामा.

तुझी गोष्ट

ही मी जुळवली आहे. पुरावा थोडा, बाकीचं आत्याचं बोलणं.

तुला एक भाऊ होता. तो पाण्यात गेला. लढाईबिढाई काही नव्हती. तुझ्या माहेरी मागे कुणी उरलं नसावं, नाहीतर मुलगा वारल्यावर त्याचा टाक मुलीबरोबर सासरी कशाला येईल? त्याला कुणी ओवाळायला, पाणी घालायला राहिलं नव्हतं, म्हणून तू त्याला पदरात बांधून थेट्यांकडे आणलंस. टाक करून घेताना त्याची बट लाखेत ठेवलीस आणि आपला एक केस उपटून तिला बांधलास. राखीसारखा.

सासरी तू काय सांगितलंस? बहुधा काहीच नाही. नवी सून माहेरचा मेलेला भाऊ घेऊन आली, हे कुणाला रुचलं नसतं. देवात एक टाक वाढला. तुझ्या मुलांनी तो बघितला, नातवांनी बघितला, त्यांना वाटलं आपलाच कुणी. मग त्याला तलवार मिळाली, लढाई मिळाली. आणि नामदेव गेला तेव्हा त्यांना वाटलं, वीर नेतो.

आणि मुलीच का सुटायच्या, तेही आता कळलं. सुटत नव्हत्या. धुळवडीला बायकांनी पाण्यात उतरायचं नाही, एवढंच. आजार निम्म्या मुलींतही जात होता. पायरीवर उभा राहत होता, नदी बघत होता, आणि मुली लग्न होऊन गेल्या की त्यांच्याबरोबर जात होता. आप्पा मला तू सुटलीस म्हणाले तेव्हा तो माझ्याबरोबर गाडीत बसला होता.

आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा ती भांडी पुसत होती. तिचं फडकं थांबलं.

"भाऊबीजेला," ती म्हणाली, "आजी देवापुढं पाट मांडायची. त्या एका टाकाला पाटावर ठेवायची आणि ओवाळायची. बाकीच्यांना नाही. आम्ही चिडवायचो, आजी, देवाला काय भाऊबीज मागतेस? ती म्हणायची, मागत नाही गं, घालते." पुन्हा फडकं फिरवत आत्या म्हणाली, "आम्हाला वाटायचं, हिला भाऊ नाही म्हणून देवाला भाऊ केलाय."

पणजी, तुझ्याकडून आम्हाला आजार आला. तो तुझा दोष नव्हता, नाण्याचा होता. आणि आजाराची उकलही तुझ्याकडूनच आली, ती मात्र नाण्यानं दिली नाही. तू दिलीस. भावाला टाकून सासरी यायचं नाही, हे तू ठरवलंस. ती एक बट नसती तर तुझ्या घरात पुढे कुणाचीच बट ठेवायची रीत पडली नसती, आणि आज डॉक्टरांच्या हातात काही नसतं. तुझं माहेरचं नाव आम्हाला ठाऊक नाही. लग्नात ते बदललं आणि गजराबाई झालं, त्याआधीचं कुणी विचारलंच नाही. तुला हाक मारायला माझ्याकडे तेवढा एक केस आहे. तो विसपुत्यांनी जसा होता तसाच, गाठीसकट, परत लाखेत बसवला.

पाणी

ऊर्वीला औषध दिलं गेलं. मग वाट पाहणं. मग तिच्या अंगाला तारा लावून तिला पळवलं, गार पाण्यात बसवलं, दचकवलं. डॉक्टर मुजावर पडद्यावरची रेघ बघत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "जा, पोह." माझं औषध त्यानंतर झालं. आप्पांची पाळी अजून यायची होती.

धुळवडीला आम्ही गावी गेलो. वाजंत्री, रंग, गावातले सगळे वीर. घाटावर आप्पांनी सवयीनं तांब्या भरला. मग तो खाली ठेवला. थोरल्या वीराचा टाक त्यांनी गाठोड्यातून काढला आणि ऊर्वीसमोर धरला. मागे कुणीतरी कुजबुजलं, मुलगी, आणि तीही लेकीची. आप्पा वळून म्हणाले की मामा लेकीकडचाच असतो. बस, एवढंच.

ऊर्वी टाक छातीशी धरून उतरली. पायऱ्या संपल्या. पाणी कमरेएवढं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डुबकी मारली.

ती पोहणारी मुलगी आहे. श्वास धरून खाली राहायची तिला हौस. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी आत्याचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी वाकली.

आप्पांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चपला काढल्या नाहीत, धोतर सावरलं नाही. ज्या पाण्याला त्यांनी सुभाषकाकानंतर पायसुद्धा लावला नव्हता, त्यात ते सरळ उतरले. एक पायरी, दुसरी, गुडघ्यापर्यंत.

तेवढ्यात ऊर्वी वर आली. केसांतून पाणी निथळत होतं, टाक डोक्यावर धरलेला, हसत. आणि समोर आप्पांना बघून तिचं हसू एकदम गेलं.

"आप्पा, आधी बाहेर व्हा," ती म्हणाली. "तुमचं औषध अजून झालं नाही."

आणि आप्पा गुपचूप मागे फिरले. पायरीवर बसून त्यांनी ओल्या धोतराचा सोगा पिळला, आणि ऊर्वीनं दिलेला टाक दोन्ही हातांत घेऊन कोरड्या उपरण्यानं पुसायला लागले. हळूहळू, कान-मानेपर्यंत, पोहून आलेल्या लहान मुलाला पुसावं तसा.